तिखं, पोलाद, इस्पात, स्टील

इंदूरच्या लोहा मंडीत लोखंड मिळत नाही. पाटीवर लोहा, बिलात लोहा, हमालाच्या तोंडी लोहा. पण तिथे रचून ठेवलेले सरिये म्हणजे सळया, अँगल, चॅनेल, पत्रे, पट्ट्या हे सगळं पोलाद असतं. कमी कार्बनचं, मऊ जातीचं, कारखान्यात ज्याला एमएस, म्हणजे माइल्ड स्टील म्हणतात ते; पण पोलादच. तिथून राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात आलं की नाव बदलतं. तिथे 'स्टील' म्हणजे डबे, ताटं, पातेली, आणि एवढंच. 'पोलादाचं पातेलं दाखवा' असं कुणी मराठी बाई तिथे म्हणत नाही. आणि घरी येऊन वर्तमानपत्र उघडावं तर अग्रलेखात पोलादी निर्धार, पोलादी मनगट, पोलादी नेतृत्व. मंडीत जे लोखंड, स्वयंपाकघरात जे स्टील, तेच भाषणात पोलाद.

माझी सगळी नोकरी पीथमपूरला, एका कारखान्याच्या टूल रूममध्ये, म्हणजे डाय आणि हत्यारं बनवायच्या विभागात झाली. तिथे बोलायचं हिंदीत, ड्रॉइंग वाचायचं इंग्रजीत आणि घरी येऊन मराठी, त्यामुळे एकाच वस्तूची तीन-चार नावं कायम जिभेवर असायची. ती कुठून आली हे शोधायचा नाद तिथूनच लागला. शोधता शोधता एक गोष्ट मला फार मोलाची वाटू लागली. हा धातू ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे ओळखला, आणि त्याचा जो गुण आधी नजरेत भरला त्याचंच नाव ठेवलं. नावावरून माणसांना तो कशासाठी हवा होता हे कळतं.

नावांकडे वळण्याआधी धातूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा खेळ कार्बनचा आहे. लोखंडात कार्बन नावापुरता असला तर ते घडीव लोखंड. साधारण दोन टक्क्यांच्या आत असला तर पोलाद. त्यापुढे जाऊन तीन-चार टक्क्यांवर गेला की ते बीड. चांगलं तापतं, पण हातातून पडलं की तडकतं, हे बिडाचा तवा वापरणारी प्रत्येक गृहिणी जाणते. लोहा मंडीतल्या सरियात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. एवढ्याशा फरकावर एक जात वाकते, दुसरी कापते आणि तिसरी फुटते.

हा फरक डोळ्यांनी दिसतो. आमच्या रॅकवर रंगाची खूण पुसलेला, कुठल्या जातीचा ते न कळणारा तुकडा सापडला की आमचा जुना फिटर तो उचलून ग्राइंडरच्या चाकावर टेकवायचा आणि मागचा दिवा बंद करायला सांगायचा. एमएस असेल तर लांब, सरळ, पिवळट रेषा निघतात आणि टोकाला क्वचित एखादं फूल फुटतं. कार्बन जास्त असेल तर रेषा आखडतात आणि चाकाच्या जवळूनच फुलं फुटायला लागतात, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, भुईनळ्यासारखी. बिडाची ठिणगी लालसर आणि आखूड. स्टेनलेसच्या ठिणग्या नारिंगी, मोजक्या, फुलं जवळजवळ नाहीतच. ती फुलं म्हणजे जळणारा कार्बन. फिटर चष्मा वर सारून म्हणायचा, "साहब, ये कड़क माल है, इसको अलग रखो." प्रयोगशाळेतला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा आणि बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने असायचा.

बाजारातून गेलेलं घडीव लोखंड बघायचं तर धारला जावं. पीथमपूर धार जिल्ह्यातच येतं, त्यामुळे माझं तिकडे जाणं व्हायचं. लाट मशिदीच्या बाहेर चौथऱ्यावर लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आडवे ठेवलेले आहेत. तिन्ही जोडले तर लांबी तेरा मीटरच्या वर भरते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सात मीटरच्या थोडा वर आहे. धारच्या स्तंभाचं वजन सात टनांच्या घरात. परंपरेने तो राजा भोजाच्या काळाशी, म्हणजे अकराव्या शतकाशी जोडला जातो. मशीद १४०५ सालची, आणि तिला नाव मिळालं ते ह्या लाटेवरून, म्हणजे स्तंभावरून. गुजरातचा सुलतान बहादूरशहा तो तिकडे न्यायला निघाला तेव्हा पडून मोडला, असं जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. लोखंडाचे तापवलेले गोळे एकमेकांवर ठोकत ठोकत हा स्तंभ वाढवला. जवळून पाहिलं की अंगावर भोकं दिसतात. एवढी तापलेली लाट फिरवायला, उचलायला त्यांत दांडे अडकवत असावेत असं अभ्यासक मानतात. त्या भोकात बोट घालून मी उभा राहिलो आहे. क्रेन नसताना सात टनांची तापलेली वस्तू माणसांनी कशी उलटीपालटी केली असेल, ह्याचा विचार ज्याने कधी एखादा जड डाय हलवला आहे त्याला सोडत नाही. तर हे लोखंड, पोलाद नव्हे. ह्यापासून धार निघणार नाही.

आणि धार हाच खरा मुद्दा होता.

मोल्सवर्थच्या मराठी कोशात एक शब्द आहे, 'तिखें'. अर्थ दिला आहे, पोलाद. संस्कृत 'तीक्ष्ण' पासून आलेला, म्हणजे तिखटाचा सख्खा भाऊ. मला तो सापडला तेव्हा मी कोश मिटून थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. ज्या धातूवर मी जन्म काढला, त्याला माझ्या भाषेत स्वतःचं, घरचं नाव होतं आणि ते मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. अमरकोशात लोखंडाच्या नावांमध्ये 'तीक्ष्ण' आहे, त्याच्या शेजारीच 'शस्त्रक' आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोखंडाच्या तीन जाती सांगतात, मुंड, तीक्ष्ण आणि कांत. ह्या 'तीक्ष्ण'च्या मुळाशी 'तिज्' हे संस्कृत क्रियापद आहे, धार लावणे ह्या अर्थाचं. त्यातूनच 'तेज' निघालं. इंदूरचा सुरीवाला "चाकू तेज है" म्हणतो तेव्हा त्याचं तेज फारसीतून आलेलं असतं, पण दोन्ही तेजांचं मूळ घराणं एकच.

आता जरा लांब जाऊन पाहावं. रोमन लोकांच्या भाषेत धारेला 'आकिएस' म्हणत. त्यावरून पुढे फ्रेंचांचं पोलाद झालं 'आसिए', इटालियनांचं 'अच्चायो', स्पॅनिशांचं 'आसेरो'. जपानी भाषेत पोलाद म्हणजे 'हागाने', शब्दशः पात्याचा धातू. मराठी, फ्रेंच आणि जपानी माणसं एकमेकांना विचारायला गेली नव्हती. तरी तिघांनी एकच गुण उचलला.

कारण साधं आहे, आणि ते लोहाराच्या शाळेत शिकायला मिळतं. पोलाद दुर्मीळ होतं. भट्टीतून निघायचा तो लोखंडाचा मऊ गोळा. त्यात नेमका कार्बन शिरवणं वेळखाऊ, कोळसाखाऊ आणि बेभरवशाचं काम होतं. म्हणून कुऱ्हाडीचं अंग लोखंडाचं करायचं आणि फक्त तोंडाला पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करायची. अंग मार सोसेल, तोंड कापेल. माणसाला पोलाद भेटायचं ते फक्त धारेच्या जागी, बोटभर रुंदीचं. मग त्याचं नाव धारेवरून पडणार नाही तर कशावरून?

इंग्रजी 'स्टील' मात्र ह्या रांगेत बसत नाही. जर्मन 'श्टाल' आणि इंग्रजी 'स्टील' ज्या जुन्या शब्दापासून आले, त्याचा अर्थ ठाम उभं राहणारं, न हटणारं. अवेस्ता ह्या जुन्या इराणी धर्मग्रंथातला 'स्तख्त', म्हणजे घट्ट, मजबूत, हा त्याचा लांबचा नातलग. म्हणजे त्या लोकांनी धारेकडे न बघता ताठपणाकडे बघितलं. तलवार आपटली आणि वाकली नाही, हा त्यांचा अनुभव असेल. दोन्ही गुण खरेच. पण एक गुण आपोआप येत नाही, तो द्यावा लागतो, आणि त्याला मराठीत जे म्हणतात त्याला माझ्या मते कुठल्याच भाषेत तोड नाही. त्याला पाणी म्हणतात.

इंदुरात लोहारपट्टी हे नाव अजून आहे. पण हे काम मी नीट पाहिलं ते रस्त्याच्या कडेला उतरलेल्या गाडिया लोहारांकडे, म्हणजे गाड्यांतून फिरणाऱ्या भटक्या लोहारांकडे. विळीचं पातं त्यांच्याकडे धार लावायला नेलं होतं, त्यांच्यातल्या एकाने ते नखाने वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "पानी उतर गया है बाबूजी, धार से क्या होगा." मग पातं भट्टीत घातलं. त्याची बायको भाता चालवत होती. घण मारायचं कामही तीच करायची. पातं पिकल्या चेरीच्या लालीला आलं तसं त्याने फक्त धारेकडची कड पाण्यात बुडवली, चर्र झालं, आणि लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून एक पट्टा चकचकीत केला. पुढचं बघायला मान वाकवून जवळ जावं लागतं. मागच्या भागात अजून ऊब असते, ती हळूहळू धारेकडे सरकते आणि तिच्याबरोबर रंग सरकतात. आधी फिका गवती पिवळा, त्याच्या मागे तपकिरी, मग जांभळा, सगळ्यात मागे निळा. गवती रंग धारेवर पोचला त्या क्षणी त्याने सगळं पातं पाण्यात सोडलं. आणखी थोडं थांबला असता तर धारेवर निळा आला असता. निळं पोलाद स्प्रिंगच्या कामाचं, त्याने कांदा चिरला जात नाही. गवती म्हणजे साधारण सव्वादोनशे अंश सेल्सिअस, निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. आमच्याकडे ह्यासाठी तापमान मोजणारे थर्मोकपल आणि नियंत्रक लावलेल्या भट्ट्या होत्या. त्याच्याकडे दोन डोळे आणि विटेचा तुकडा.

पहिल्या बुडवण्याने पातं कडक होतं, पण काचेइतकं ठिसूळ. दुसऱ्या उबेने ठिसूळपणा जातो आणि कडकपणा पुरेसा राहतो. ह्या दोन्ही मिळून पाणी देणं. आणि भाषेने हे पाणी लोहाराच्या डबक्यातून उचलून कुठवर नेलं! पाणीदार डोळे, पाणीदार घोडा, पाणीदार मुलगी. एखाद्याचं पाणी जोखणं. 'दाखव तुझं पाणी.' फारसीतही हेच झालं. 'आब' म्हणजे पाणी आणि तलवारीची चमकही, म्हणून 'आबदार'. उत्तम तलवारीच्या पात्यावर जी लहरीदार नक्षी उमटायची तिला 'जौहर' म्हणत, आणि आमच्या इंदुरी मराठीत 'त्याने मॅचमध्ये जौहर दाखवला' असं सहज निघून जातं.

शास्त्रज्ञांनी ह्याच घटनांना पुढे नावं दिली ती माणसांची. लाल पोलाद झटकन थंड केल्यावर जी रचना तयार होते ती मार्टेन्साइट, जर्मनीच्या आडोल्फ मार्टेन्स ह्यांच्या नावावरून. तापलेल्या अवस्थेतली ऑस्टेनाइट, इंग्लंडच्या रॉबर्ट्स-ऑस्टेन ह्यांच्या नावावरून. मला त्यातलं सगळ्यात आवडतं नाव पर्लाइट. हळूहळू थंड होऊ दिलेलं पोलाद घासून, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूची झाक दिसते. शेफिल्डच्या हेन्री सॉर्बी ह्यांनी १८६०च्या दशकात ती पहिल्यांदा पाहिली. ते नाव माणसाचं नाही, दिसण्याचं आहे.

तिखं गेलं आणि त्याच्या जागी पोलाद आलं, ते फारसीतून. मूळ शब्द 'पूलाद'. अरबीत 'प' हा वर्ण नाही, म्हणून तिथे तो 'फूलाद' झाला, आणि हिंदी-उर्दूने तेच वळण घेऊन 'फौलाद' केला. मराठीने 'प' जपला. हाच शब्द उत्तरेकडे रशियनमध्ये 'बुलात' झाला, तुर्कस्तानात 'पोलात' हे मुलांचं नाव ठेवतात, मंगोलियात 'बोल्द'. एवढा पसरलेला शब्द धातूसाठी विरळाच.

पण ज्या पोलादासाठी इराणचे व्यापारी जीव टाकत, ते निघायचं दक्षिण भारतात. गोवळकोंड्याच्या राज्यातल्या पोलादाबद्दल सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहून गेला. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रम गावी इस्फहानचा व्यापारी येऊन राहायचा, पोलाद पारखून घ्यायचा, ही नोंद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. दक्षिणेत ह्या धातूला कन्नड-तेलुगूत 'उक्कु', तमिळमध्ये 'उरुक्कु'. तमिळमध्ये उरुक्कु म्हणजे वितळवणं. त्यांनी धार पाहिली नाही, ताठपणा पाहिला नाही. त्यांनी मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं पाहिलं, कारण जगातले बहुतेक लोहार जे वितळवू शकत नव्हते ते हे लोक वितळवत होते. मातीच्या लहानशा मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाचं लाकूड, वर रुईची किंवा तसलीच हिरवी पानं, तोंड मातीने लिंपून बंद, आणि मग तासन् तास भाता. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात उतरायचा. मूस फोडली की तळाशी पोलादाची ढेप. तरवड आणि रुई! आपल्या माळरानावर कुठेही उगवणारी ही झुडपं. रुईची पानं आपण शनिवारी मारुतीला वाहतो.

ह्या पोलादाच्या तलवारींना युरोपने नाव दिलं दमास्कसचं, कारण त्यांना त्या तिथल्या बाजारात भेटल्या असं मानतात. वस्तूचं नाव ती बनली त्या गावावरून न पडता विकली गेली त्या गावावरून पडतं, हा अन्याय फार जुना आहे. पुढे मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट ह्यांनी १७९४च्या सुमारास नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स ह्यांच्याकडे पाठवले आणि १७९५मध्ये जॉर्ज पिअर्सन ह्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईला बनतं आणि तिथे त्याला 'वुट्झ' म्हणतात असं आहे. मुंबईला ते बनत नव्हतं, आणि वुट्झ असा शब्द आपल्याकडे कुठल्याच भाषेत नाही. उक्कु ऐकताना, लिहिताना किंवा छापताना बिघडून तो झाला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तरी तोच जगभर रूढ झाला. मायकल फॅरडे, जो पुढे विजेसाठी अमर झाला आणि जो स्वतः लोहाराचा मुलगा होता, त्याने १८१९पासून काही वर्षं ह्या वुट्झचं रहस्य उकलण्यात घालवली. लोहाराच्या मुलाने आमच्या लोहारांचं काम काचेच्या नळीशी बसून समजून घ्यायचा प्रयत्न केला, हे मला फार आवडतं.

इस्पात हा शब्द माझ्या घरात भिलाईहून आला. माझे धाकटे काका तिथे नोकरीला होते. भिलाई तेव्हा आमच्याच मध्य प्रदेशात होतं. रशियाच्या मदतीने उभारलेल्या त्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. काकांच्या पाकिटांवर छापलेलं असायचं, 'भिलाई इस्पात संयंत्र'. आजोबांना वाटायचं हा सरकारने बनवलेला संस्कृत शब्द असणार, संयंत्रासारखाच. तो पोर्तुगीज आहे, 'एस्पादा', म्हणजे तलवार. युरोपातली सरळ पाती बंदरांवर उतरत होती; मराठ्यांनी तसल्या तलवारीला 'फिरंग' म्हटलं, मूठ आपली बसवली आणि वापरली. हिंदी-बंगालीने मात्र तलवारीचं नाव धातूला देऊन टाकलं. पत्त्यांत आपण ज्याला इस्पिक म्हणतो त्याला इंग्रज 'स्पेड' म्हणतो, तेही ह्याच तलवारीच्या घराण्यातलं. गंमत म्हणजे पोर्तुगीजांचा शेजार मराठीला सगळ्यात जवळचा, वसईपासून गोव्यापर्यंत, पण मराठीत इस्पात रुजला नाही. आपल्याकडे पोलाद आधीच घट्ट बसलं होतं.

काकांचे रशियन सहकारी कारखान्यात ज्याला 'स्ताल' म्हणत, तो शब्द त्यांनी जर्मनांकडून घेतला. झुगाश्विली नावाच्या क्रांतिकारकाने त्यावरूनच स्वतःला 'स्तालिन' म्हणवून घेतलं. पण त्यांच्या जुन्या वीरकथांतल्या तलवारी असतात बुलातच्या. एकाच भाषेत कारखान्याचं पोलाद जर्मन आणि तलवारीचं पोलाद इराणी!

१८५६मध्ये बेसेमर ह्या इंग्रज संशोधकाने वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवेचा झोत सोडून पोलाद करायची युक्ती जाहीर केली, आणि पोलाद टनाने निघू लागलं. ह्याचा परिणाम शब्दांवर किती खोल झाला ते फारसं कुणी सांगत नाही. बोटभर धारेपुरतं असलेलं पोलाद आता रूळ झालं, पूल झालं, इमारतीचा सांगाडा झालं. मग उपमाही बदलल्या. १९२२मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान लॉइड जॉर्ज ह्याने संसदेत भारतातल्या सनदी सेवेला 'पोलादी चौकट' म्हटलं. ही उपमा शंभर वर्षं आधी कुणाला सुचली नसती, कारण पोलादाची चौकट असूच शकते हे शिकागोच्या उंच इमारती उभ्या राहीपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. धारेचा धातू आधाराचा धातू झाला. इंग्रजी 'स्टील'च्या मुळातला ठामपणा तेव्हा कुठे सगळ्या जगाला पटला, आणि तिखं ज्या गुणावर उभं होतं तो मागे पडला. माझ्या मते तिखं मराठीतून जायला फारसीइतकाच बेसेमरही कारण आहे.

मराठीने तर पुढे जाऊन लोखंडालाही पोलाद करून टाकलं. १९४६मध्ये चर्चिल फुल्टनच्या भाषणात बोलला तो लोखंडी पडदा. मराठी पत्रकारांनी केला 'पोलादी पडदा'. आणि कानाला तोच बरोबर वाटतो. लोखंड म्हटलं की आपल्याला तवा, खिळा, गंज आठवतो. त्याच्याकडून कठोरपणाची उपमा पेलवत नाही. फक्त सरदार पटेलांच्या बाबतीत 'लोहपुरुष' टिकला, कारण लोह संस्कृत असल्यामुळे त्याचा मान राखला गेला.

स्टेनलेसला तर आणखीच वेगळ्या गुणावरून नाव मिळालं. १९१३मध्ये शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी झीज न होणारं पोलाद शोधत होता. जवळजवळ तेरा टक्के क्रोमियम घातलेला एक नमुना आम्लाने खोदला जाईना. तो आधी त्याला गंज न लागणारं म्हणत होता. सुऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्याचा व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट ह्याने ते व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिलं, आणि त्याच्या तोंडून 'स्टेनलेस' आलं, डाग न पडणारं. गंजापेक्षा डाग हा त्याचा रोजचा शत्रू होता. ज्यांनी जुन्या लोखंडी विळीवर कैरी चिरून फोडी काळ्या पडलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्या घरांत ते आलं आणि नावाचा पुढचा अर्धा भागच उरला. पितळेची कल्हई, चिंच-राखेने घासणं, ह्यातून आईच्या पिढीची सुटका ह्या धातूने केली. जुन्या साड्या देऊन दारावर भांडी घ्यायची, पितळी हंडे मोडीत घालून डब्यांचा सेट आणायचा. बर्तन बाजारात भांडं घेतलं की नाव घालायला बसणाऱ्याकडे द्यायचं. तो विजेच्या थरथरत्या सुईने ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं पाडायचा. आमच्याकडच्या कितीतरी वाट्यांवर आत्याच्या सासरचं नाव देवनागरीत आणि तारीख इंग्रजी आकड्यांत आहे. त्या सुईखाली 'स्टील' हा शब्द मराठी झाला. आता मात्र तो फार ढिला झाला आहे. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेलं ३०४ आणि निकेल वाचवून मँगनीज घातलेलं २०२, दोन्ही दुकानात 'स्टील'च. लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबक घेऊन जाणारा हुशार गिऱ्हाईकही तिथे फसतो. भांड्याच्या तळाशी छापलेला आकडा वाचावा, नसेल तर विचारावा.

आमच्या टूल रूममधली नावं ह्या सगळ्यापेक्षा वेगळी, आद्याक्षरांची. एचएसएस (हाय स्पीड स्टील), एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं), ईएन-३१. पण त्यांच्यात एक होतं ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणारं आणि न आकसणारं. टूल स्टीलच्या अमेरिकन वर्गवारीतही पहिलं अक्षर डब्ल्यू असलं तर पाण्यात बुडवायचं, ओ असलं तर तेलात, ए असलं तर नुसतं हवेत सोडायचं. धार नाही, ताठपणा नाही, चमक नाही. नाव पडलं ते पाणी कशाचं द्यायचं ह्यावरून. नवीन मुलगा कामाला लागला की मी त्याला ग्रेडचे आकडे पाठ करायला लावायच्या आधी हेच विचारायचो. पाटणीपुऱ्यातला एक मराठी पोरगा होता, आयटीआय करून आलेला. त्याच्या हातात डायचा ठोकळा होता, एचसीएचसीआरचा. मी विचारलं, "ह्याला पाणी कशाचं?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "सर, ह्याला हवेचं पाणी."

मी त्याला त्या दिवशी भट्टीवर घेतलं.